दुकानातला ‘सकर’ नेमका कोण?

नागपुरातील मत्स्यालयाच्या कोणत्याही दुकानात जाऊन “एक सकर द्या” असे म्हटले, की दुकानदार टाकीत जाळी बुडवतो आणि बोटाएवढा, काळपट, खरबरीत अंगाचा मासा पिशवीत घालून देतो. ‘हा काच साफ करतो’ एवढीच माहिती त्याच्याबरोबर मिळते. नाव पुन्हा विचारलेच, तर ‘सकर’ किंवा फार तर ‘प्लेको’ असे उत्तर येते. दुकानाचे काम तेवढ्यावर भागते. पण प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याचे भागत नाही. कारण हा मासा दक्षिण अमेरिकेतील ज्या कुलातला आहे, त्या लोरिकॅरिइडी कुलात एक हजाराहून अधिक जाती आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना चूषकासारखे तोंड असते. मग दुकानातला सकर त्यांपैकी कोणता?

हा प्रश्न केवळ नावाच्या हौसेचा नाही. पाच सेंटिमीटरचे ते पिल्लू दोन-तीन वर्षांत हातभर होऊ शकते. टाकी लहान पडते, आणि मग पुष्कळ घरांतून तो मासा ‘जीव वाचावा’ म्हणून जवळच्या तलावात सोडला जातो. तलावात पुढे काय होणार हे तो मासा कोणत्या जातीचा आहे यावर अवलंबून असते. म्हणून आधी ओळख पटवावी लागते.

नाव बाजारातले आणि नाव शास्त्रातले

बाजारातले नाव मालाची विक्री व्हावी म्हणून असते. ते आकर्षक असावे, उच्चारायला सोपे असावे, इतकीच त्याची अट. एकाच जातीला दहा नावे चालतात आणि दहा जातींना एक नावही चालते. शास्त्रीय नावाची गोष्ट वेगळी. प्रत्येक जातीचे वर्णन प्रसिद्ध करताना शास्त्रज्ञ एक नमुना निश्चित करून संग्रहालयात ठेवतो. त्या जातीचे नाव त्या नमुन्याला बांधलेले असते. पुढे शंका आली, की तो नमुना काढून पडताळून पाहता येते. बाजारातल्या नावामागे असा नमुना कोठेच नसतो.

‘शार्क’ या नावाचेच पाहा. दुकानात चकचकीत, चंदेरी-काळसर, सतत इकडून तिकडे धावणारा एक मासा ‘शार्क’ किंवा ‘टायगर शार्क’ म्हणून मिळतो. शेजारच्या टाकीत लाल शेपटीचा काळा ‘रेड टेल शार्क’ असतो. त्याच्या पलीकडे ‘सिल्व्हर शार्क’ असतो. या तिघांतला एकही शार्क नाही. खऱ्या शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पाच ते सात उघड्या फटी असतात. या तिन्ही माशांचा सांगाडा हाडांचा, आणि कल्ल्यांवर एकच झाकण. लाल शेपटीचा व चंदेरी हे दोघे रोहू-कटल्याच्या नात्यातले आहेत. पहिला मात्र मार्जारमीन आहे. त्याचे शास्त्रीय नाव पँगेसियानोडॉन हायपोफ्थाल्मस. थायलंड, कंबोडिया व व्हिएतनाम या देशांतील मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांमधला हा मासा. त्याची लांबी १३० सें.मी.पर्यंत जाते! दोन फुटी टाकीत याला ठेवणे म्हणजे वासराच्या गोठ्यात हत्ती बांधण्यासारखे आहे.

गंमत अशी, की हाच मासा हॉटेलात ‘बासा’ या नावाने ताटात येतो. खरे तर बासा हे नाव त्याच्या नात्यातल्या दुसऱ्या जातीचे आहे. भारतात आंध्र प्रदेशात त्याची मोठ्या प्रमाणावर शेती होते आणि मासळी बाजारात तो ‘पंगस’ म्हणून विकला जातो. म्हणजे एकच प्राणी काचेच्या टाकीत शार्क, टोपलीत पंगस आणि ताटात बासा. त्याच्या मूळच्या नद्यांत मात्र तो आता धोक्यात आलेल्या जातींमध्ये गणला जातो.

मार्जारमीन कसा ओळखावा?

मांजरासारख्या मिशा असतात म्हणून या माशांना मार्जारमीन म्हणतात. त्यांच्या अंगावर नेहमीचे खवले कधीच नसतात. अंग एक तर गुळगुळीत असते, नाही तर हाडांच्या तकटांनी मढलेले असते. पुष्कळांच्या पाठीवरच्या आणि छातीजवळच्या पराला पुढच्या बाजूस एक दणकट काटा असतो. पाठीवरच्या पराच्या मागे, शेपटीकडे, काहींना एक लहानसा मांसल पर असतो. त्याला वसापर म्हणतात.

एवढ्यावरून पुष्कळ काम होते. आधी मिशा मोजाव्यात. पंगसला दोन जोड्या असतात आणि वसापर असतो. आपल्या मासळी बाजारातल्या शिंगटीला चार जोड्या असतात, वसापर असतो आणि पाठीवरचा पर आखूड असतो. मागुरलाही चार जोड्या असतात, पण वसापर नसतो आणि पाठीवरचा पर डोक्यामागून जवळजवळ शेपटीपर्यंत लांब पसरलेला असतो. सिंगीच्या मिशा मागुरसारख्याच चार जोड्या, पण पाठीवरचा पर अगदी इवलासा. (सिंगीला हात लावू नये. तिच्या छातीजवळच्या काट्यात विष असते आणि वेदना फार होतात.) सकरला मात्र तोंडाच्या दोन कोपऱ्यांशी मिशांची एकच आखूड जोडी असते, आणि सारे अंग हाडांच्या तकटांच्या ओळींनी झाकलेले असते. दुकानात ‘कोरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लहानशा कोरिडोरासच्या अंगावरही तकटे असतात, पण ती दर बाजूस दोनच ओळींत, घराच्या कौलांसारखी बसवलेली. त्याचे तोंड चूषकासारखे नसते.

रंगावर विसंबू नये, हे येथेच सांगितले पाहिजे. कोरिडोरास, सकर, पंगस या तिघांचेही पांढरे, लाल डोळ्यांचे प्रकार दुकानात येतात. ते वेगळ्या जातीचे नसून रंगद्रव्य न बनणारे प्राणी आहेत. पिल्लाचे पट्टे मोठेपणी पुसट होतात. परातील काड्यांची संख्या मात्र वयाबरोबर बदलत नाही.

सकरची पाठ आणि पोट

आता सकरकडे वळू. ‘प्लेको’ हे नाव प्लेकोस्टोमस या शब्दाचे लघुरूप आहे. १७५८ साली लिनीअस याने सुरीनाममधून आलेल्या अशा एका माशाचे नाव ॲसिपेन्सर प्लेकोस्टोमस असे ठेवले. ॲसिपेन्सर ही स्टर्जन माशाची प्रजाती. अंगावरची हाडांची तकटे आणि खाली वळलेले तोंड पाहून लिनीअसने या मार्जारमीनाला स्टर्जनच्या घरात बसवले होते! पुढे त्याला हायपोस्टोमस या प्रजातीत हलवण्यात आले, आणि हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस हे नाव मत्स्यालयाच्या पुस्तकांतून जगभर पसरले. आजही पुष्कळ दुकानांच्या यादीत तेच असते.

परंतु दुकानातला नेहमीचा सकर हायपोस्टोमस नसतो. तो बहुधा टेरिगोप्लिक्थिस या दुसऱ्या प्रजातीचा असतो. आग्नेय आशियातील तळ्यांमध्ये त्याची पैदास करून पिल्ले व्यापारात आणली जातात. दोघांतला फरक शाळकरी मुलालाही मोजता येतो. पाठीवरचा पर उभारलेला असताना पाहावे. सर्वांत पुढची जाड काडी म्हणजे काटा. तो सोडून मागच्या काड्या मोजाव्यात. हायपोस्टोमसला त्या सात असतात. टेरिगोप्लिक्थिसला नऊ ते चौदा, आणि बहुधा दहाहून अधिक असतात. त्यामुळे त्याचा पर शिडासारखा मोठा दिसतो. विश्रांती घेताना सकर हा पर मिटून ठेवतो. म्हणून थोडे थांबावे लागते. खाणे टाकल्यावर किंवा दुसरा मासा जवळ आल्यावर तो पर उभारतो, तेव्हा मोबाइलवर छायाचित्र घेऊन मग सावकाश मोजावे.

प्रजाती कळली. आता जाती. यासाठी माशाचे पोट पाहावे लागते, आणि येथे सकर स्वतःच आपल्याला मदत करतो. तो काचेला चिकटला, की त्याचे पोट आपल्यासमोर उघडे असते. पोटावर गडद ठिपके सुटे-सुटे असतील, तर तो टेरिगोप्लिक्थिस पार्डालिस असण्याचा संभव अधिक. ही ॲमेझॉनच्या खोऱ्यातील जाती. ठिपके एकमेकांत मिसळून नागमोडी रेघा झाल्या असतील, तर टेरिगोप्लिक्थिस डिसजंक्टिव्हस. हिचे शास्त्रीय वर्णन १९९१ साली झाले आणि ती मडीरा नदीतील आहे. मडीरा ही ॲमेझॉनचीच उपनदी.

हे वाचून कोणी लगेच दुकानात जाईल, तर त्याला अर्धे ठिपके व अर्ध्या रेघा असलेला मासाही भेटेल. हे मासे जेथे जेथे बाहेर सुटले आहेत, तेथे अशी मधली रूपे सापडली आहेत आणि दोन जातींचा संकर होत असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. अशा वेळी वहीत ‘टेरिगोप्लिक्थिस, जाती अनिश्चित’ असे लिहावे. पुष्कळ विद्यार्थ्यांना हे अपुरे उत्तर वाटते. माझ्या मते काड्या मोजून लिहिलेली ‘अनिश्चित’ ही नोंद, चित्रावरून अंदाजाने ठोकलेल्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

नाव नसले तर क्रमांक

व्यापारात नवे मासे इतक्या वेगाने येतात, की शास्त्रज्ञांचे वर्णन मागे पडते. यावर जर्मनीतील मत्स्यालयविषयक मासिक ‘डाट्झ’ याने १९८८ साली एक तोडगा काढला. लोरिकॅरिइडी कुलातील ज्या माशाचे नाव ठाऊक नाही, त्याचे छायाचित्र छापायचे आणि कुलाचे पहिले अक्षर घेऊन त्याला एल ००१, एल ००२ असा क्रमांक द्यायचा. हे क्रमांक आज पाचशेच्या वर गेले आहेत. एल ०४६ हा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा ब्राझीलमधील शिंगू नदीतला. त्याला १९९१ साली हायपॅन्सिस्ट्रस झेब्रा हे शास्त्रीय नाव मिळाले.

ही पद्धत व्यापारी नावापेक्षा पुष्कळच बरी, कारण क्रमांकामागे निदान एक छायाचित्र आणि सापडल्याचे ठिकाण असते. तरीही क्रमांक म्हणजे जाती नव्हे. एल ००१ आणि एल ०२२ हे दोन्ही क्रमांक एकाच जातीला पडले आहेत. एल ०४६ आणि एल ०९८ यांचेही तसेच. ठिपके थोडे वेगळे दिसले, की नवा क्रमांक, असे काही वेळा घडले.

शास्त्रीय नावेसुद्धा कायमची नसतात, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. काचेसारखा आरपार दिसणारा ‘ग्लास कॅटफिश’ घ्या. त्याच्या अंगातून पाठीचा कणा मोजता येतो, म्हणून तो शाळेच्या टाकीत फार शोभतो. कित्येक दशके पुस्तकांतून त्याचे नाव क्रिप्टोप्टेरस बायसिऱ्हिस असे छापले गेले. पण ती जाती सुमारे १५ सें.मी. वाढते. टाकीतला मासा त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. पुढे त्याला क्रिप्टोप्टेरस मायनर म्हणू लागले. तेही चूक निघाले. अखेर २०१३ साली एंग आणि कोटेलाट या दोन शास्त्रज्ञांनी दाखवले, की थायलंडच्या दक्षिण भागातून येणाऱ्या या माशाचे वर्णन कोणी केलेलेच नाही, आणि त्याला क्रिप्टोप्टेरस व्हिट्रिओलस हे नाव दिले. घरोघरी पोसला जाणारा मासा शास्त्राला निनावीच होता! कोरिडोरासचीही २०२४ साली नव्याने मांडणी होऊन त्या एका प्रजातीच्या अनेक प्रजाती करण्यात आल्या आहेत. नाव बदलले याचा अर्थ शास्त्र डळमळीत आहे असा नाही. नमुना जागेवर असल्यामुळेच चूक शोधता येते.

मराठी नावांचे मार्जारमीन

आपल्या दख्खनच्या माशांचा पहिला मोठा अभ्यास कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने केला. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करताना त्याने येथील नद्यांतले मासे गोळा केले, कोळ्यांना त्यांची नावे विचारली, आणि १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या वर्णनांत तीच नावे लॅटिनात बसवली. शिंगटीचे ‘सीन्गटी’ झाले. तो मासा आज मिस्टस सीन्गटी म्हणून ओळखला जातो. मधली बरीच वर्षे त्याला उत्तरेकडील मिस्टस कॅव्हेशियस या जातीतच धरले जात होते. कोल्हापूरच्या पंचगंगेतील एका लहान मार्जारमीनाला मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी १९५२ साली ‘खवलचोर’ हेच नाव जातिवाचक म्हणून दिले. दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणारा, म्हणून खवलचोर. कोळ्यांनी ठेवलेल्या नावात त्या माशाचे वागणेच सांगितलेले आहे.

बोलीतील नावेही सैल असतात हे खरे. शिंगटी हा शब्द निरनिराळ्या गावी निरनिराळ्या जातींना लावतात. पण त्या नावामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण असते. ‘थाई मागूर’ या बाजारी नावात तेही नाही. हा मासा मूळचा थायलंडचा नव्हेच, तो आफ्रिकेतील क्लेरियस गॅरिएपिनस आहे. तो फार खादाड असून आपल्या देशात त्याचे पालन व विक्री यांवर बंदी आहे. बंदीची अंमलबजावणी करताना टोपलीतला मासा देशी मागूर आहे की परका, हे कोणाला तरी ठरवावे लागते. तेथे बाजारातले नाव काय कामाचे?

अंबाझरीतून गोसीखुर्दकडे

सकर पाण्याबाहेर काढला तरी बराच वेळ जगतो. पाण्यातला प्राणवायू कमी झाला, की तो वर येऊन हवा गिळतो आणि त्याच्या जठराच्या रक्तवाहिन्या ती हवा शोषून घेतात. म्हणून घाण पाण्याच्या तलावात, जेथे इतर मासे गुदमरतात, तेथे तो टिकतो. नर काठाच्या मातीत लांब बिळे कोरतात, मादी त्यांत अंडी घालते व नर राखण करतो. बिळांमुळे काठ ढासळतात. काटेरी, कडक अंग जाळ्यात अडकले, की जाळे फाटते. अंग चिलखतासारखे असल्याने त्याला खाणारे फारसे कोणी नाही, आणि बाजारात त्याला भाव नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळीत हे मासे स्थिरावले आहेत, २०२० साली वाराणसीला गंगेत सापडले, आणि आपल्या राज्यात उजनीच्या जलाशयातही मच्छीमारांच्या जाळ्यांत आले आहेत.

नागपूरच्या नकाशावर बोट ठेवून पाहा. १८७० साली बांधलेला अंबाझरी तलाव नाग नदीवर आहे. तलाव भरला, की पाणी सांडव्यावरून नाग नदीत जाते. नाग नदी शहरातून वाहत जाऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्दचा विस्तीर्ण जलाशय. २३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे झालेल्या अतिवृष्टीत अंबाझरी ओसंडून शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते पुष्कळांना आठवत असेल. तलावातल्या माशाला खालच्या नदीत जाण्यासाठी एवढी वाट पुरेशी असते. गोसीखुर्दच्या काठी आणि भंडारा-गोंदियाच्या तलावांवर ढिवर समाजाची शेकडो कुटुंबे मासेमारीवर जगतात. जाळे कोणाचे फाटणार हे उघड आहे.

अशा वेळी ‘तलावात सकर सापडला’ या बातमीने काम होत नाही. कोणती जाती, किती लांबीची, कोणत्या तारखेस, पिल्ले होती काय, हे कळले तरच मासा तेथे पैदास करीत आहे की कोणी नुकताच सोडला आहे, हे ठरवता येते. निरनिराळ्या आकारांची पुष्कळ पिल्ले सापडली, तर पैदास होत असल्याचा संशय बळावतो. एकच मोठा मासा सापडला, तर तो बहुधा कोणाच्या तरी टाकीतला. मोठा झालेला मासा पुष्कळ दुकानदार परत घेतात. विकत घेतानाच तसे विचारून ठेवलेले बरे.

शाळेत करण्याजोगे काम

शिक्षकांनी वर्गाचे चार-चार जणांचे गट करावेत. प्रत्येक गटाने परवानगी घेऊन एका दुकानातील मार्जारमीनांची यादी करावी. पहिल्या रकान्यात पाटीवरचे नाव, मग मिशांच्या जोड्या, वसापर आहे की नाही, पाठीवरच्या परातील काड्या, पोटावरची नक्षी, आणि शेवटी आपण काढलेला निष्कर्ष. बाजूने, वरून आणि काचेतून पोटाकडून अशी तीन छायाचित्रे घ्यावीत, आणि एका छायाचित्रात काचेला लावलेली पट्टी दिसावी. दोन गटांचे एकाच माशाबद्दल मतभेद झाले, तर तास अधिक रंगतो.

तलावाच्या काठी मच्छीमाराकडून मेलेला सकर मिळाला, तर तो टाकून देऊ नये. प्रथम ताजेपणी छायाचित्रे घ्यावीत, कारण रंग लवकर जातात. मग शिक्षकांनी स्वतः तो दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा. हे काम विद्यार्थ्यांकडे देऊ नये, आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. मासा मोठा असेल तर पोटाला एक चीर द्यावी, म्हणजे द्रव आत शिरतो. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. तेथील तज्ज्ञांना छायाचित्रे पाठवता येतील. बरणीच्या आत तलावाचे नाव, तारीख आणि जाळ्याचा प्रकार लिहिलेली चिठ्ठी घालावी. ती जाड कागदावर पेन्सिलीने लिहावी, शाई द्रवात विरघळते.